हौसाकाकीचे तात्या

जिथं हिऱ्या बैल बांधलेला असायचा, तिथं आता डबल बेड आहे. गव्हाणीच्या जागी आरसा आला आणि वैरण रचायच्या कोपऱ्यात न्हाणीघर, त्यात गिझरसुद्धा. शनिवार-रविवारी धरण बघायला मुळशीला येणाऱ्यांना हौसाकाकीचा मुलगा ही खोली भाड्यानं देतो. रविवारी दुपारी पाहुणे गेले की काकी उशांचे अभ्रे काढते, चादरी झटकते, खिडक्या सताड उघडते. त्या अर्ध्या तासात सेंटचा वास निघून जातो आणि मला फरशीच्या खालून शेणाचा, ओल्या पेंढ्याचा, बैलाच्या घामाचा वास यायला लागतो. काकी म्हणते तसलं काही येत नाही, चांगली कंपनीची फरशी हाय. मला येतो. मी तिच्याशी वाद घालत नाही.

हौसाकाकी माझी चुलती, माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आता सत्तरी ओलांडलीय. जुलैच्या शेवटच्या रविवारी मी तिच्याकडे गेले ते एका पुस्तकामुळे.

पुस्तक हिंजवडीच्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं दिलं होतं. स्टेजवर एकटीनं माइक घेऊन उभी राहून लोकांना हसवणाऱ्या एका बाईच्या आठवणी. मी ते कंपनीच्या कॅबमध्ये वाचलं. आमच्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलानं जाते, त्यामुळे तीन दिवसांत संपलं. त्या रस्त्याचे मी जन्मात पहिल्यांदा आभार मानले. बाईच्या पहिल्या कार्यक्रमाला चार जण आले होते. दोन नातेवाईक, एक हॉटेलचा मालक आणि एक एसी दुरुस्त करायला आलेला माणूस, जो बाहेर पाऊस होता म्हणून थांबला. हसला तो एकटाच. तिची आई लोकांना सांगायची, ती बँकेत आहे. एकदा भर कार्यक्रमात तिच्या ब्लाउजचा हुक तुटला, तर उरलेला सगळा वेळ तिनं कोपरं अंगाला चिकटवून काढला, आणि लोकांना वाटलं ही तिची स्टाइलच आहे. इथं मी इतकी हसले की ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, "मॅडम, सब ठीक?" ठीकच होतं. असला एक हुक माझ्याही नशिबी येऊन गेलाय, फक्त तो तिमाही मीटिंगमध्ये.

आणि मग एके ठिकाणी तिनं लिहिलं होतं की लहानपणी मी चारचौघांत माणसांना हसवणारी बाई कधी पाहिलीच नाही, बघायला मिळाली असती तर एवढी घाबरले नसते. मी पुस्तक मिटलं. बाई, मी पाहिली होती. नऊ वर्षांची होते, गुडघाभर चिखलात उभी होते, आणि पाहिली होती. आणि तिचं तोंडही मीच बंद केलं होतं. ही दुसरी गोष्ट मी अडतीस वर्षं कुणाला सांगितलेली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

आमच्याकडे भाताच्या लावणीला आवण म्हणतात. तेव्हा आवण इर्जिकीनं व्हायची, म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. बायका एका ओळीत वाकायच्या आणि रोपं खोवत मागं मागं सरकायच्या. पाठीवर डोक्यापासून कमरेपर्यंत इरलं, कामट्यांचं आणि पानांचं. त्याखाली कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. दिसतात ते चिखलात चाललेले हात, बांगड्या वर सारलेले. इरल्यावर पावसाचा तडतड आवाज, पलीकडच्या खाचरात चिखलणी करणाऱ्या बाप्यांचं बैलांना हाकारणं, आणि नाकात तो वास, कुजक्या पाल्याचा आणि कोवळ्या रोपांचा एकत्र. हा वास बाटलीत भरून विकायला ठेवला तर मी रोज घेईन.

ओळीच्या बरोबर मधोमध काकी असायची, दोन्ही टोकांना ऐकू जावं म्हणून. ती माणसांचे आवाज काढायची. एसटीचा कंडक्टर, शाळेतले मास्तर, "आमच्यात असलं नसतं गं बाई" म्हणणारी सरपंचीणबाई. चेहरा नाही, हातवारे नाहीत, हात तर रोपं लावण्यात गुंतलेले. नुसता आवाज. आणि बायका वाकल्या वाकल्या हसायच्या. ओळ मोडायची नसते म्हणून कुणी ताठ व्हायचं नाही. खांदे हलायचे आणि इरली खुळखुळायची. बांधापलीकडून बाप्ये विचारायचे, बायास्नी झालंय काय? कुणी उत्तर द्यायचं नाही. हौसा असली की खाचर कवा उरकलं कळत न्हाई, म्हणून प्रत्येक घरची बाई तिला आपल्याकडे आधी न्यायला बघायची. माझं काम रोपांच्या मुठी पोचवायचं. मी त्या मुठी ओळीच्या मधल्या भागालाच जास्त पोचवायचे, टोकाच्या बायका ओरडायच्या.

घरात मात्र ती वेगळीच बाई होती. डोक्यावर पदर, आणि आवाज असा की आहे की नाही शंका यावी. कारण घरात तात्या होते. तात्या म्हणजे तिचे थोरले दीर, माझे मोठे चुलते, घराचे कर्ते. त्यांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली, त्यांनी पुन्हा केलं नाही. थोरल्या दिरानं आणि धाकट्या भावजयीनं एकमेकांशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. मग दोघांमध्ये निरोप्या लागतो, तो मी. तात्या ओसरीवर बसून म्हणायचे, "तिला म्हणावं, भाकरी जाड झालीया." चार हातांवर चुलीपुढे बसलेल्या काकीला ते सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी धावत जाऊन सांगायचे, "काकी, भाकरी जाड झालीया." काकी पुटपुटायची, "त्यांना म्हणावं, गिरणीवाल्यानं जाड दळलंय." मी परत धावायचे. माझी एक ख्याती होती, मी निरोप ज्याचा त्याच्या आवाजात पोचवायचे. तात्यांचा तात्यांसारखा, आधी दोनदा खाकरून. त्याबद्दल गूळ मिळायचा.

तात्या माणसांशी तुटक बोलायचे. त्यांचं बोलणं सगळं हिऱ्याशी. संध्याकाळी गोठ्यात शिरले की त्यांचा आवाजच बदलायचा. गोठ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये कुडाची भिंत, पलीकडे काकी भाकरी थापत असायची. तिच्या कानावर ते रोज पडायचं. आणि एका आवणीला, आमच्याच खाचरात, इरल्याखालून तात्या बोलायला लागले. "हिऱ्या, जेवलास का रं राजा? आज लई वढलंस. खांदा बगू. दुखतुया? मला न्हाई सांगायचं तर कुणाला सांगायचं? हितली मानसं नुसती खायाला बसल्यात, तू एकला कामाचा. उद्या पेंड घालतो जास्ती. कुणाला बोलू नगंस." त्या "कुणाला बोलू नगंस" ला माझी आई चिखलात गुडघ्यावर बसली. ओळ मोडली. अशी मोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत आमच्या अंगणातल्या मांडवात पंगत होती. मटणाचा रस्सा आणि आंबेमोहोराचा भात, ज्याचा वास तेव्हा रस्त्याच्या वळणापर्यंत जायचा आणि आता कुठंच येत नाही, कारण वळणापलीकडच्या खाचरांच्या जागी रिसॉर्टचं पार्किंग आहे. बाप्ये जेवत होते. कुणीतरी पाहुणा मला म्हणाला, "पोरी, शाळंत काय शिकिवत्यात? म्हणून दाव कायतरी." शाळेतलं काही आठवेना. मी पंगतीच्या मधोमध उभी राहिले, हात पाठीमागं घेतले, दोनदा खाकरले आणि म्हटलं, "हिऱ्या, जेवलास का रं राजा?"

वाईट हेतू नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. इकडचं तिकडे पोचवणं हेच माझं काम होतं. काकीनं तात्यांचं काही छान केलं होतं आणि तात्यांना ते माहीत नव्हतं. मी ते पोचवत होते. पहिल्या वाक्याला चारपाच जण हसले, दुसऱ्याला आणखी. मग एकानं तात्यांकडे पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं, आणि "कुणाला बोलू नगंस" पर्यंत मी पोचले तेव्हा पंगतीत नुसता जेवणाचा आवाज होता. तात्यांनी विचारलं, "कुणी शिकिवलं?" मी मास्तरांचं नाव सांगावं तशा ऐटीत म्हटलं, "हौसाकाकीनं." काकी भाताची पाटी घेऊन दारात उभी होती. तात्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतले आणि मांडवाबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी इर्जिक शेजाऱ्यांकडे होती. मी मुठी पोचवत राहिले आणि वाट बघत राहिले. ओळीच्या मध्यातून काही आलं नाही. चिखलातून हात निघतात त्याचा एक बारीक पचक असा आवाज असतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, कारण बाकी कसलाच आवाज नव्हता. आवण संपेपर्यंत तसंच. पुढच्या जूनमध्ये मला पाचवीसाठी पुण्याला मामाकडे पाठवलं. ते आधीपासून ठरलेलं होतं, वडील उरवड्याच्या कारखान्यात पाळीला जायचे आणि त्यांना मुलीनं चांगल्या शाळेत शिकायला हवं होतं. पण मला ती शिक्षाच वाटली. दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी यायचे. आवणीला मात्र पुन्हा कधीच आले नाही. तात्या गेले तेव्हा आले, काका गेले तेव्हा आले. काकी पदर डोक्यावर घेऊन काम करत असायची आणि मला वाटायचं, हे मी केलं. आवाज काढायचे मीही सोडून दिले. ऑफिसात मी गंभीर बाई म्हणून प्रसिद्ध आहे.

तर त्या रविवारी काकी अभ्रे काढत होती आणि मी बेडवर बसून तिला पुस्तक वाचून दाखवत होते. एसीवाल्याचा प्रसंग झाला. हुकाचा झाला. काकीचे खांदे हलले, आवाज नाही. ओळीत हसायच्या तशीच.

"तिचं ऐकायला बाप्ये बी येत्यात?" तिनं विचारलं.

"येतात की."

"आन् तोंड दिसतं तिचं समद्यांस्नी?"

"दिसतं. वर चांगला लाइट मारलेला असतो तोंडावर."

काकीनं जरा विचार केला. "मग अवघड हाय," ती म्हणाली.

मी पुस्तक खाली ठेवलं. "काकी, तुझं मी बंद पाडलं," मी म्हटलं. तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. पंगत, पाहुणा, तिचं नाव घेतलं ते, दुसऱ्या दिवशीची मुकी ओळ. तात्या तिला काय बोलले असतील याची मी केलेली कल्पनाही सांगितली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बैलाच्या गोठ्यात बसून रडणं शोभत नाही, पण मी रडले.

"त्यांनी कशाला बोलावं मला?" काकी म्हणाली. "बोलायची रीत कुटं हुती? कुणाकरवी बी काय सांगितलं न्हाई. घरात चकार शब्द न्हाई."

"मग तू का सोडलंस?"

काकी बेडच्या दुसऱ्या कडेला बसली. "त्या दिवसापास्नं ह्या भिंतीपलीकडनं आवाज यायचा बंद झाला. गोठ्यात यायचं, पेंढा टाकायचं, पाणी दावायचं आन् जायचं. हिऱ्याशी एक शब्द न्हाई. मी भाकरी थापतीया आन् कान हिकडं. त्या मानसाचं बोलायचं ठिकाण एकच हुतं बघ. ते मी आवणीत नेलं. मग माझ्या तोंडनं कसा निघंल आवाज? तुजं काय न्हाई त्यात."

अडतीस वर्षं मी ज्या गोष्टीच्या मधोमध स्वतःला बसवून ठेवलं होतं, तिच्यात माझं फारसं काही नव्हतं.

"हिऱ्याची वैरण तुटली," काकी पुढं सांगायला लागली. "संध्याकाळी तोंड लावंना. दाराकडं बघत ऱ्हायचा. तवा तात्या देवळात गेलं की मी हितं यायची. पदर सारखा करायची आन् त्यांच्या आवाजात म्हणायची, हिऱ्या, जेवलास का रं राजा? खायाला लागायचा बघ. वरीसभर केलं. कुणाला ठाव न्हाई."

"तात्यांना?"

"तू मामाकडं गेलीस त्या पावसात एकदा देवळातनं लवकर परतलं. मी आपली बोलतीया, पाठ दाराकडं. मागं वळून बगितलं तर उंबऱ्यात उभं. छत्री मिटलेली. मी अशी भिंतीला चिकटली." काकीनं भिंतीला कसं चिकटायचं ते बसल्या जागी दाखवलं. "आता माझ्याशी बोलायचं तर हाय, पर बोलता येत न्हाई. तू बी न्हाईस मधी निरोपाला. मग माझ्याकडं न बघता हिऱ्याजवळ गेलं, त्याच्या पाठीवर हात ठिवला आन् म्हणालं, हिऱ्या, तिला म्हणावं लई घाई करतीस. मी मधी थांबतो. त्याचं बी ऐकून घेतो."

मी तोंडावर हात धरला. त्या स्टेजवरच्या बाईनं नेमक्या याच गोष्टीवर एक आख्खं प्रकरण लिहिलंय, की बोलून झाल्यावर थांबायला शिकण्यात तिची सहा वर्षं गेली.

"दुसऱ्या दिवसापास्नं बोलाय लागलं परत," काकी म्हणाली. "आधीपरीस मोठ्यानं. मला नीट ऐकू यावं म्हणून."

"आणि तू? आवणीत?"

"केलं की. त्याच वर्षी. तू कुटं आलीस बगायला?" हे ती जरा लागेल असंच बोलली. "त्यांचं मातूर न्हाई केलं कदी. दुसरं हुतं एक, बाया दर वर्षी तेच मागायच्या."

"कुणाचं?"

"तुजं."

मला वाटलं थट्टा करतेय. काकीनं हातातला अभ्रा बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बेड नि आरशाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. हात पाठीमागं घेतले. पोट पुढं काढलं, हनुवटी वर. दोनदा खाकरली, पण तात्यांसारखी नाही. तात्यांसारखं खाकरू बघणाऱ्या पोरीसारखी. आणि बारीक, ठाम आवाजात तिनं सगळं म्हटलं, जेवलास का रं राजा पासून कुणाला बोलू नगंस पर्यंत. "कुणी शिकिवलं?" ला ऐटीत दिलेलं उत्तरसुद्धा. मी हसायला लागले होते. माझ्या डोळ्यांसमोर मी उभी होते, एक सुळा पडलेली, आणि मला ती पोर फार आवडली. इतकी वर्षं मी तिच्यावर रागावले होते याचं वाईट वाटलं.

मला वाटलं संपलं. पण काकी तशीच उभी होती. तिनं मान डावीकडे फिरवली, मग उजवीकडे, कपाळाला आठी घालून.

"कुणीच हसंना," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "तवा तुला वाटलं, मागच्या लोकास्नी ऐकूच गेलं न्हाई."

आणि ती एक पाऊल पुढं आली आणि तिनं ते सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. दुप्पट जोरात.

हे मला अजिबात आठवत नव्हतं. मी आरशाकडे, काकीकडे बघत राहिले आणि पंगत पुन्हा आठवून पाहिली. उत्तर दिलं, तात्यांनी भात संपवला, हात धुतले, गेले. मध्ये काही नव्हतं. "मी परत केलं? तात्यांच्या समोर? आणि ते?"

काकी बेडवर बसली, दम खात. "ताटात दोन घास ऱ्हायलेलं," ती म्हणाली. "ते कालवत बसलं हळूहळू. मी दारातनं बघतीया. तुजं झाल्यावर उठलं. मधनं न्हाई उठलं."